बादलीतलं उरलेलं पाणी

उजनीहून येताना एसटीत मांडीवर बादली होती,
रंगाची, वीस लिटरची, झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं.
आत अंगठ्याएवढी चिलापीची पिल्लं, चाळीसेक.
कंडक्टर म्हणाला, तिकीट कुणाचं फाडू,
तुमचं का ह्यांचं?
सगळी एसटी हसली. मीही.
बावीस वर्षं झाली त्या हसण्याला.

दुसऱ्या दिवशी लूमला सुट्टी.
हिप्परग्याच्या तळ्यावर जिवंत आमिष लावून बसलो
मरळीसाठी.
ऊन कलेपर्यंत दोन मरळी लागल्या, एक सुटली,
आणि बादलीत पंधरा-वीस पिल्लं उरली.

आई म्हणायची, उरलेला जीव टाकू नये.
मी बादली कलती केली.
जा बाबांनो, म्हणालो, सुखानं नांदा.

नांदली.

आधी काठाच्या उथळात खड्डे दिसले,
ताटल्या मांडून कुणी पंगत उठवावी तसे.
मग गळाला तळहाताएवढी चिलापी,
परत चिलापी,
परत तीच.
मरळीची तांबडी पिल्लं घोळक्यानं वर यायची श्वासाला,
ती दिसेनाशी कधी झाली
ते मात्र मला सांगता येत नाही.
नसणं कुणी मोजत बसत नाही.

सिद्राम मल्लाव जाळं झटकत म्हणाला,
"कुणी सोडली बे ही अवदसा?"
मी तरंग्याकडे बघत राहिलो.
तो हलतही नव्हता.

माझ्याच बादलीनं झालं असं कुणी सिद्ध करणार नाही.
बीजाच्या गाड्याही आल्या असतील, पुराचं पाणीही,
माझ्यासारखे दयाळू आणखी कितीतरी.
पण कलती केलेल्या बादलीचं वजन
हळूहळू कमी होत गेलेलं
ह्या मनगटाला अजून आठवतं.

आणि चिलापीचा तरी काय दोष?
पिल्लं तोंडात धरून फिरते ती,
स्वतः उपाशी राहून.
माझा आजाही करीमनगराकडून आला, पाठीवर धोटा बांधून.
पण तो स्वतःच्या पायानं आला, विचारत विचारत,
आणि इथली भाषा शिकला.
तिला मी आणलं.
ना तिला विचारलं, ना तळ्याला.

आता माझ्या पिशवीत एक जुना टॉवेल असतो,
काठ चुकलेला, सेकंडचा, आमच्याच लूमवरचा.
निघताना बादली पाण्यात नाही,
वर, बाभळीपाशी, तापल्या मुरमावर उलटी करतो.
वळवळ थांबेपर्यंत उभा राहतो. बघवत नाही, तरी बघतो.
बगळे आता ओळखतात मला.
मग टॉवेलनं बादली पुसतो, बुडाची कडसुद्धा,
झेली दोन दिवस गच्चीवर उन्हात, कडक होईतो.
उजनीचा एक थेंबही हिप्परग्याला नको.
आमिषाला गांडूळ, नाहीतर कणीक.
गळाला चिलापी आली तर परत सोडत नाही,
कालवणात जाते.
पोरं म्हणतात, आजोबा सोवळ्यात मासे धरतात.
म्हणू देत.

परवा गल्लीतली प्रणाली गड्डम
काचेच्या टाकीतला सकर घेऊन निघाली होती,
हातभर वाढलेला, काळा, खरबरीत.
"पप्पा म्हणाले, कंबर तलावात सोड, मोकळा होईल."
गेटपाशीच बसलो तिच्याजवळ, गुडघे कुरकुरले.
बावीस वर्षांत कुणाला न सांगितलेली गोष्ट
तिला सांगितली, कंडक्टरसकट.

ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "तुम्ही वाईट नव्हता ना पण?"
नव्हतो गं, म्हणालो. तेच तर.

सकर दुकानात परत नेला. दुकानदार कुरकुरला, मग घेतला.
येताना रिकामी पिशवी तिनं तलावात नाही झटकली,
रस्त्याच्या कडेला, उन्हात.
फुफाट्यावर एक काळा डाग पडला,
आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो
तो वाळेपर्यंत.